दाजींच्या ट्रकची बेअरिंगं

रिमोटचे ट्रक बोलतात ते त्यांच्या खराब बेअरिंगमुळे, आणि चांगली बेअरिंगं बसवली की ते कायमचे गप्प होतात. यात नवल काही नाही. नवा ट्रक खोक्यातून काढून फरशीवर सोडला की कारखान्यातून आलेली ती भंगार बेअरिंगं कुरकुरायला लागतात आणि त्या कुरकुरीचे शब्द होतात. पहिल्या दिवशी घरातल्यांना केवढं कौतुक! दुसऱ्या दिवशी ट्रक सांगतो की सोफ्याखाली शेंगांची टरफलं आहेत. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर सांगतो की देव्हाऱ्यामागं झुरळ मरून पडलंय. मग कौतुक संपतं आणि मला फोन येतो.

मी भालचंद्र कोठावदे. नाशिकला सातपूरमध्ये बेअरिंगच्या कंपनीत तपासणी खात्यात होतो, आता निवृत्त. घरी बसून असतो म्हणायचं, पण लोक बसू देतील तर ना! आमच्या भागात ट्रकची बेअरिंगं बदलणं हा कार्यक्रम असतो, जावळासारखा. पाट मांडायचा, ट्रकला ओवाळायचं, मामानं त्याला मांडीवर घ्यायचं आणि मांडीवरच त्याची चाकं उतरवायची. ज्या घरात मामा नाही, किंवा मामा आहे पण त्याला पाना कुठून धरायचा ते कळत नाही, तिथं मला बोलावतात. त्या हिशेबानं निम्म्या सातपूरचा मी मामा आहे.

बेअरिंगच्या बाबतीत मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. हे ट्रक बनवणाऱ्यांना रंगाची हौस, दिव्यांची हौस, दारावर वाघाचं चित्र काढायची हौस. आणि ज्याच्यावर चाक फिरतं तिथं मात्र पत्र्याच्या झाकणाचा टिनपाट माल! आत धूळ जाते, पाणी जातं. ग्रीस नावाला. छर्रे एका मापाचे नाहीत. असला माल आमच्या खात्यात आला असता तर मी ट्रेच्या ट्रे उलटा केला असता. मी कुणाच्या बापाचं ऐकून कधी नापास माल पास केला नाही.

आणि असं असून माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरातला ट्रक दोन वर्षं बोलत होता.

बहीण माझ्याहून मोठी, कुमुदताई. तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी, त्र्यंबक सोनजे. दाजी एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या भोंग्यातून गाड्या पुकारणारा आवाज त्यांचा. धुळ्याची गाडी फलाटाला लागली हे दाजी असं काही सांगायचे, की धुळ्याशी काडीचा संबंध नसलेल्या माणसालाही जावंसं वाटायचं. घरी आले की मात्र मोजकंच बोलायचे. सगळं स्टँडवर बोलून झालेलं असायचं.

दोन वर्षांपूर्वी दाजींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं, नजर अगदी स्वच्छ आहे, पण तोंडातून शब्द म्हणून फुटत नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी हातात दाबायला रबरी चेंडू दिला, तो त्यांनी डाव्या हातानं खिडकीतून फेकून दिला. मग मी ट्रक घेऊन आलो. त्याच्या रिमोटला दोन काड्या. डावी पुढं-मागं जायला, उजवी वळायला. पहिला महिनाभर ट्रक नाकासमोर जायचा, भिंतीवर आपटायचा आणि म्हणायचा, "भिंत आली." मागं यायचा, पुन्हा जायचा, "भिंत आली." माझं तर डोकं उठायचं. मग एका सकाळी ट्रक भिंतीपर्यंत गेला आणि बोटभर उजवीकडं वळला. दाजींचा उजवा अंगठा हलला होता. ताई जागच्या जागी खाली बसून रडली. मीही रडलो, त्यात लाज कसली.

अजूनही तो अंगठा दुसऱ्या कशालाही हलत नाही. चमच्याला नाही, शर्टाच्या बटणाला नाही. मध्ये मी हौसेनं दुसरा, मोठा ट्रक नेला होता. त्याच्या रिमोटवर दाजींनी अंगठा ठेवला तो ठेवला, हलायचं नाव नाही. याच ट्रकला वळवायला तेवढा हलतो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण लोकांचा घोटाळा होतो. ट्रक चालवणाऱ्याच्या मनातलं बोलत नाही. त्याला जे दिसतं, वाटतं, ते तो बोलतो. ताईला सुरुवातीला आशा होती. तिनं ट्रकला समोर घेऊन विचारलं होतं, "यांच्या मनात काय चाललंय ते सांग रे मला."

"काकू, मला फरशी दिसते," ट्रक म्हणाला.

"आणखी?"

"तुमच्या टाचेला भेग पडलीय. काहीतरी लावा."

ताईनं त्या दिवशी टाचेला तेल लावलं, आणि तेव्हापासून त्या दोघांची गट्टी जमली. तो दाजींना काका म्हणायचा आणि मला मामा. काकूचा भाऊ मामा कसा, हे तुम्ही त्या ट्रकला विचारा. मला बरं वाटायचं. दिवसभर दाजी खुर्चीत बसून ट्रक चालवायचे, ट्रक ताईच्या मागं-मागं फिरायचा आणि दोघांची अखंड बडबड. "काकू, कोथिंबिरीची काडी पडली." "उचलते रे बाबा." "काकू, आज चालताना डावा पाय ओढताय." "गप रे, वय झालं आता." खुर्चीत दाजी अर्ध्या चेहऱ्यानं हसायचे. नवऱ्याची वाचा गेल्यावर घर कसं होतं ते मी पाहिलेलं होतं. त्या पहिल्या महिन्यात मी त्या घरात गेलो की मला स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक दारातून ऐकू यायची. ट्रक आल्यावर ती कधी ऐकू आली नाही.

"ताई, बेअरिंगं बदलून टाकू," मी दर भेटीला म्हणायचो. "ही टिकणारी नाहीत."

"संक्रांत होऊ दे," ताई म्हणायची. मग म्हणायची, होळी होऊ दे. मग म्हणायची, आंब्याचं लोणचं घालून होऊ दे. लोणच्याचा आणि बेअरिंगचा काय संबंध, हे विचारायची माझी हिंमत नव्हती.

मार्गशीर्षात एक दिवस तिचा फोन आला. "भालू, येतोस का जरा? त्याला बरं नाहीये."

मी स्क्रूड्रायव्हर खिशात टाकून निघालो. बेअरिंग तपासायची आमची पद्धत अशी, की स्क्रूड्रायव्हरचं टोक चाकाच्या बुडाशी टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि चाक हळूहळू फिरवायचं. बाहेरच्यांना नुसती खरखर ऐकू येते. आम्हाला आतला कुठला छर्रा कुठं रुततोय ते कळतं. ट्रक खुर्चीच्या पायाशी उभा होता. दाजी रिमोट हातात घेऊन माझ्याकडं बघत होते. मी ट्रकला उचललं, स्क्रूड्रायव्हर कानामागं लावला आणि मागचं चाक फिरवलं. आत छर्रे उरलेच नव्हते म्हणा ना. चुरा झाला होता.

"कधीपासून दुखतंय?" मी विचारलं.

"सरळ जाताना नाही दुखत, मामा," ट्रक म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता. "वळताना दुखतं."

"मग बोलायला काय झालं होतं? एरवी टरफलं दिसली तरी बोंब मारतोस!"

"काकांना वळवायला आवडतं," ट्रक म्हणाला.

दाजींनी डाव्या हातानं रिमोट उचलला आणि बाजूच्या स्टुलावर उपडा ठेवून दिला.

मी ताईला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं. चाकाच्या बुडाशी प्लॅस्टिक तापून वितळायला लागलंय. असाच चालवला तर आस अडकेल, आतली दातेरी चक्रं तुटतील, आणि मग नुसता शोकेसमध्ये ठेवायला होईल. आत्ता बदलली तर धडधाकट होईल, आपण गेल्यावरही पळत राहील.

"आणि बोलायचा बंद होईल," ताई म्हणाली.

"ते तर होणारच. चांगलं बेअरिंग बोलत नाही. बोलत असेल तर ते चांगलं नाही."

"तुझ्या कंपनीतली भाषा मला नको ऐकवूस!" ताई एकदम भडकली. "या घरात दुसरं बोलणारं कोण आहे, सांग ना. मी सकाळी उठते आणि भिंतींशी बोलते असं करू?"

"दुसरा एखादा बोलता ट्रक ठेवू सोबतीला."

"कोणीतरी नुसतं बोलायला हवं असेल तर माझ्याकडं रेडिओ आहे," ताई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली.

मी घरी आलो. पण माझं लक्ष लागेना. रोज फोन करायचो आणि रोज ताई तेच सांगायची. दाजी रिमोटला हात लावत नाहीत. ट्रक कोपऱ्यातून हाका मारतो, "काका, चला ना, एक फेरी." दाजी मान हलवतात. ट्रक म्हणतो, "अहो, सरळ तरी चला." दाजी डोळे मिटून घेतात. वळलं की त्याला दुखतं हे त्यांना कळलं होतं, आता ते काही केल्या त्याला चालवणार नव्हते. त्र्यंबक सोनजे म्हणजे भलते हट्टी. संपाच्या वेळी सगळा स्टँड ओस पडला होता तरी हे माइकसमोर बसून होते.

त्यात व्यायामाच्या बाई येऊन गेल्या. त्यांनी उजवा अंगठा हातात घेतला, उघडून-मिटून पाहिला आणि विचारलं, "ट्रक बंद आहे का? आखडायला लागलाय. आणखी काही दिवस असा राहिला तर मग हलायचा नाही हो."

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. आवाज कोरडा होता. "रविवारचा कार्यक्रम ठरव," ती म्हणाली. "मी शिरा करते."

रविवारी सकाळी आम्ही दिवाणखान्यात पाट मांडला, रांगोळी काढली. मी फार कोणाला बोलावलं नव्हतं, शेजारचे चारजण होते. त्यांत पिंगळेवहिनी. या त्या सोसायटीच्या सेक्रेटरी, आणि सोसायटीत बोलणाऱ्या ट्रकचं तोंड बंद करायचं तर सेक्रेटरीनं हजर राहायचं असा ठराव आहे. वहिनी कडक इस्त्रीची साडी नेसून, वही घेऊन आल्या होत्या. आल्या-आल्या त्यांनी काय केलं असेल? वाटीत मी नवी बेअरिंगं काढून ठेवली होती, रबरी झाकणाची, अस्सल, मी स्वतः एक-एक कानाला लावून निवडलेली. त्यांच्यावर या बाई हळदकुंकू आणि अक्षता वाहायला निघाल्या!

"अहो वहिनी, हात मागं घ्या!" मी ओरडलो. "तांदळाचा कण आत गेला तर?"

"शुभकार्य आहे, भालचंद्रराव."

"मग माझ्या डोक्यावर टाका. बेअरिंगवर नाही!"

त्यांनी खरंच माझ्या डोक्यावर टाकल्या. मी ट्रकला मांडीवर घेतलं. ताईनं त्याला ओवाळलं, पण निरांजन दोनदा ट्रकच्या टपावर टेकलं. दाजी खुर्चीत ताठ बसले होते. रिमोट अजून स्टुलावर उपडाच होता.

पिंगळेवहिनींनी चष्मा घातला. "सेक्रेटरी या नात्यानं विचारणं माझं काम आहे. काम सुरू होण्यापूर्वी ट्रकचं काही म्हणणं आहे का?"

"आहे," ट्रक म्हणाला. आवाज इतका बसला होता, की सगळे पुढं वाकले. "एक, पिंगळेकाकूंच्या फ्रिजखाली लिंबू वाळून पडलंय."

"हे विषयाला सोडून आहे," वहिनी म्हणाल्या.

"दोन, सगळी बेअरिंगं काढू नका. एक राहू द्या."

"ते व्हायचं नाही," मी म्हणालो. "अर्धवट काम मी करत नाही. मुळीच नाही."

"मामा, एका बेअरिंगात किती मावतं?"

आता खोटं कसं सांगू? "एक शब्द," मी म्हणालो. "फार तर. तोही खरखरीत."

"आणि मग ते किती दिवस टिकेल?"

"पुढच्या डाव्या चाकाचं बाहेरचं ठेवलं तर पुष्कळ टिकेल. त्याच्यावर भार पडत नाही. बेअरिंग झिजतं ते वाक्यांनी. एका शब्दानं काय झिजणार? पण मुद्दा तो नाहीये रे! खराब माल माहीत असून आत ठेवायचा? मी? सगळ्या जन्मात हे केलं नाही, आणि आता माझ्या बहिणीच्या घरी करू?"

"भालू," ताई म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण लहानपणी आंघोळीच्या वेळी पळून जायचो तेव्हा जसं म्हणायची तसं. तपासणी खात्यातली सगळी वर्षं एकीकडं आणि ती एक हाक एकीकडं. मी सांगतो तुम्हाला, माणसाचं काही चालत नाही.

"बरं," मी म्हणालो. "कुठला शब्द?"

"ते काका आणि मी ठरवतो," ट्रक म्हणाला. "आम्हाला जरा गॅलरीत जाऊ द्या. काका, रिमोट घ्या. सरळच जायचंय, वळायचं नाही."

दाजींनी कितीतरी वेळ ट्रककडं बघितलं. मग त्यांनी डाव्या हातानं स्टुलावरचा रिमोट सुलटा केला. आम्ही त्यांची खुर्ची गॅलरीच्या दाराशी नेऊन ठेवली, ट्रक गॅलरीत सोडला आणि खुर्चीमागचा पडदा ओढून घेतला. पडद्याआडून नुसती खरखर ऐकू येत होती. ट्रक पुढं जात होता, मागं येत होता. तो काहीतरी विचारायचा, मग शांतता. पुन्हा काहीतरी विचारायचा, पुन्हा शांतता. पिंगळेवहिनी पडद्याशी कान न्यायला लागल्या, तेव्हा मी त्यांना म्हणालो, "वहिनी, पुरुषांचं खासगी बोलणं चाललंय." मुकं माणूस आणि फरशीवरचा ट्रक यांचं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. दाजींनी कसं सांगितलं, तेही ठाऊक नाही. पण पडदा बाजूला झाला तेव्हा दाजींचे डोळे ओले होते आणि कान लाल झाले होते. माझे दाजी लाजलेले मी त्यांच्या लग्नातसुद्धा पाहिले नव्हते.

"ठरलं," ट्रक म्हणाला.

"कोणता शब्द ते नोंदवावं लागेल," वहिनी म्हणाल्या.

"तो काकांचा आहे. मी सांगणार नाही."

वहिनींनी जरा विचार केला. "एक शब्द, तपशील खासगी," असं पुटपुटत त्यांनी लिहून घेतलं. मला त्या बाईबद्दल त्या वेळी एकदम आदर वाटला.

मग मी कामाला लागलो. मांडीवर जुना टॉवेल, शेजारी रॉकेलची वाटी, ग्रीसची डबी. मागचं उजवं चाक उतरवलं, आतलं बेअरिंग पेन्सिलीच्या टोकानं ढकलून बाहेर काढलं. टॉवेलवर गंजाचा चुरा सांडला. नवं बसवलं, चाक लावलं, बोटानं फिरवलं. असं फिरलं म्हणता, थांबेचना. पण ट्रकच्या आवाजातला खालचा सूर गेला होता. हे नेहमीचंच आहे, एक-एक बेअरिंग निघतं तसा आवाज बारीक होत जातो. एरवी मी त्या वेळी गाणं गुणगुणतो. त्या दिवशी जमलं नाही.

"काकू," ट्रक म्हणाला, "न्हाणीघराच्या दाराशी फरशी हलते. तिथं जपून पाय टाका."

"टाकेन," ताई म्हणाली. ती पाटाशेजारी बसली होती. तिचा हात ट्रकच्या टपावर होता.

मी दुसरं चाक उतरवलं. "फरशी पुसताना कोपऱ्यात गुडघे टेकवू नका," ट्रक म्हणाला. "ओल आहे तिथं. गुडघे धरतील."

"नाही टेकवणार रे."

तिसरं चाक. "काकू, तुम्ही गाणं म्हणता ना, पोळ्या लाटताना..." आणि पुढचं ऐकू आलं नाही. त्याच वेळी आतल्या चक्राजवळचं बेअरिंग माझ्या हातात आलं होतं. ताईनं टपावरून हात फिरवला, उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिला पुढचं बघवणार नव्हतं. माझे हातच तेवढे चालू होते, डोळ्यांना नीट दिसत नव्हतं.

शेवटी पुढचं डावं चाक राहिलं. आतलं बेअरिंग बदललं. बाहेरचं, ठेवायचं ते, नीट बसतंय का बघायला मी काढलं आणि चिमटीत धरलं. आणि काय सांगू, हात आपसूक रॉकेलच्या वाटीकडं गेला! जन्माची सवय. मळकं बेअरिंग दिसलं की धुवायचं. त्यातली ती धूळ, तो गंज, तोच तर शब्द होता. वाटीच्या तोंडापर्यंत माझी चिमूट गेली, आणि माझं मनगट कोणीतरी घट्ट धरलं. बघतो तर दाजी. खुर्चीतून अर्धे वाकून त्यांनी डाव्या हातानं मला धरलं होतं. असे वाकले होते, की पडलेच असते. पिंगळेवहिनी त्यांना धरायला धावल्या.

"नाही धूत, दाजी," मी म्हणालो. "नाही धूत. बसा तुम्ही."

मी ते बेअरिंग पुसलंसुद्धा नाही. होतं तसं, चुऱ्यासकट, जागेवर दाबून बसवलं. सरळसरळ नापास माल, आणि मी माझ्या हातानं पास केला. चाक लावलं, नट आवळला आणि ट्रक फरशीवर ठेवला.

दाजींनी रिमोट मांडीवर घेतला. डावा अंगठा पुढं गेला. ट्रक निघाला आणि काही म्हणजे काही आवाज आला नाही. पाण्यावरून जावा तसा गेला. शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग त्यांचं त्यांनाच कसंसं वाटलं आणि ते थांबले. ट्रक भिंतीपर्यंत गेला. भिंत आली, पण कोणी तसं म्हणालं नाही. मला स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मी आपला टॉवेलवरचा चुरा गोळा करत बसलो. वाटलं, भालचंद्र कोठावदे, काय केलंस हे? घर मुकं केलंस बहिणीचं.

दाजींचा उजवा अंगठा काडीवर होता. तो इतक्या दिवसांत आखडला होता. मी बघत होतो, सगळेच बघत होते. आधी नुसतं नख पांढरं झालं. मग अंगठा सरकला. ट्रक वळला. बोटभर नाही, चांगला पुरता वळला, न अडखळता, आणि दिवाणखान्यातून सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. उंबऱ्याला पुढचं डावं चाक टेकलं, आणि दाजींनी ते उंबऱ्यावर चढवलं.

"अगं," ट्रक म्हणाला.

ताई ओट्याकडं तोंड करून बशांमध्ये शिरा घालत होती. तिनं मागं वळून बघितलं नाही. तिचा हात तेवढा हवेत थांबला.

"आले," ती म्हणाली.

दाजींनी ट्रक थोडा मागं घेतला, पुन्हा पुढं नेला.

"अगं."

"आले म्हटलं ना!" ताई खेकसली. "दोन हात आहेत मला, दम धरा जरा. बेदाणे घालतेय."

दोन वर्षांत ती दाजींवर पहिल्यांदाच ओरडली होती. दाजी खुर्चीत मागं टेकून बसले आणि अर्ध्या चेहऱ्यानं हसले. पिंगळेवहिनींनी वही पिशवीत घातली. मी हात धुऊन ताईला बशा आणू लागायला आत गेलो.